पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार

आर्डिथ स्टकीला माणसांची नावं लक्षात राहत नसत, तारखा राहत. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सत्तावीस वर्षं काढली आणि तेवढ्या वर्षांत हॅमर्टनमधलं प्रत्येक मूल ताट हातात धरून तिच्यासमोरून गेलं. कुस्करलेले बटाटे, त्यावर कोंबडीच्या रश्शातल्या जाड शेवया, बाजूला मटार. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या ताटात शेंगदाण्याच्या लोण्याची, चॉकलेटमध्ये बुडवलेली एक गोळी जास्त. ही गोळी शाळेच्या खर्चातली नव्हती. आर्डिथ रविवारी घरी वळून आणायची. उन्हाळ्यात जन्मलेल्यांना सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी एकदम मिळायची, नाहीतर त्यांच्यावर अन्याय झाला असता.

अशा रीतीने तिला सगळ्या गावाच्या तारखा पाठ झाल्या, आणि हाक मारायची तीही तारखेनेच.

"ए अकरा मे, ताट सरळ धर. शेवया बुटांवर वाढू का?"

तो अकरा मे पुढे आमच्या बँकेत मोठ्या खुर्चीवर बसला. आर्डिथ बँकेत गेली तरी त्याला अकरा मेच म्हणे, आणि तो उठून उभा राही.

तिचं स्वतःचं शिक्षण नववीत थांबलं. आई आजारी, मागे चार भावंडं. "शाळा पुरी झाली नाही, म्हणून तर तिथे सत्तावीस वर्षं राहिले," असं ती म्हणायची. नवरा ऑर्व्हिल धान्याच्या कोठारावर कामाला होता. तो दिवसाला चाळीसेक शब्द बोलायचा, त्यातले निम्मे कुत्र्याशी. बाकीचं बोलणं आर्डिथ करायची.

ती एकवीस वर्षांची झाली तेव्हा मत द्यायचं वयही एकवीसच होतं. पहिल्यांदा मत द्यायचं त्याच मंगळवारी तिला पहिल्या मुलाच्या कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणत होते, जोर लाव. ती विचारत होती, मतदान किती वाजता बंद होतं? ते मत हुकलं. त्यानंतर मात्र तिने एकही निवडणूक सोडली नाही, आणि बावन्नाव्या वर्षापासून तर ती मतदानाच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसू लागली.

टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं सारखी बसावीत असा कायदा आहे. आमच्या भागात डेमोक्रॅट सापडणं कठीण. तेव्हा मोजून नऊ होते, त्यांतले चार अंथरुणाला खिळलेले. आर्डिथचे वडील त्या पक्षाचे, कारण त्यांच्या गोठ्यात वीज आली ती त्या पक्षाच्या राज्यात. पहिला दिवा लागला, बापाने त्याच्याखाली उभं राहून पक्ष ठरवला आणि मुलीने तो गायींबरोबर वारशात घेतला. तिच्या शेजारच्या खुर्चीवर रिपब्लिकन पक्षाची बर्निस वेलर. दोघी तेरा वर्षं चर्चच्या तळघरात मांडीला मांडी लावून बसल्या. शेवयांत मीठ किती, याखेरीज त्यांचं कशावरही एकमत नव्हतं.

आमच्या ओहायो राज्यात एक नियम आहे. नोव्हेंबरातल्या मोठ्या निवडणुकीच्या दिवसापर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात, त्याला मे महिन्यातल्या प्राथमिक निवडणुकीत सतराव्या वर्षीच मत देता येतं. मेमध्ये पक्ष आपापले उमेदवार निवडतात, आणि मतदाराने एकाच पक्षाचं कार्ड, म्हणजे मतपत्रिका, मागून घ्यायची असते. नोव्हेंबरात ज्याला मत द्यायचं आहे, त्याचा समोर कोण उभं राहावं हे ठरवण्यातही वाटा असावा, एवढाच त्यातला विचार. आणि आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तर मे हीच खरी लढत. रिपब्लिकन उमेदवार एकदा ठरला की नोव्हेंबरात त्याच्यासमोर कोणी उभंही राहत नाही.

टेबलावरच्या पहिल्याच मे महिन्यानंतर आर्डिथ माझ्याकडे आली. मी तेव्हा शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होते.

"लॉइस, दिवसभर बसले, सतरा वर्षांचं एक पोर आलं नाही. माझी पोरं गेली कुठे?"

"त्यांना ठाऊकच नसेल, मत आहे म्हणून."

"मग तू वर्गात शिकवतेस काय?"

"राज्यघटना."

"ती राहू दे थोडी बाजूला," ती म्हणाली. "आधी तारखा शिकव."

त्या वर्षापासून दर मार्चमध्ये ती नोंदणीचे अर्ज आणि एक डबा गोळ्या घेऊन माझ्या वर्गात येऊ लागली. निवृत्त झाल्यावरही यायची. यादी लागत नसे. वर्गावरून नजर फिरवायची आणि बोटाने दाखवायची. "तू, नऊ जुलै. तू, तीस सप्टेंबर. तू नाही, तुझी डिसेंबरची, पुढच्या वर्षी ये." मुलं अर्ज भरायची, ती ते गोळा करून काउंटीच्या मुख्य गावी, निवडणूक कचेरीत नेऊन द्यायची.

१९९४च्या मार्चमध्ये त्या वर्गात मॅरेन बेक होती. उंच, हडकुळी, फार न बोलणारी मुलगी. पण एकदा बोलली की वाक्य पुरं करणारी. तिचं घर रोड नऊवर, टर्की ओढ्याच्या पलीकडे. ओढ्यावरचा पूल काउंटीने तीन वर्षांपूर्वी धोक्याचा म्हणून बंद केला आणि दोन्ही टोकांना पिंपं उभी केली. पूल होता तेव्हा शाळा तीन मैलांवर होती. आता बस चौदा मैलांचा वळसा घालून यायची. दूधवाल्याची गाडी तशीच. आग विझवायची गाडीही तशीच. बेकांच्या खुराड्याला आग लागली तेव्हा बंब पोचेपर्यंत मॅरेनच्या बापाने बादल्यांनी ती विझवलीही होती, आणि जवानांना कॉफी पाजून परत पाठवलं.

मॅरेनने पुलाबद्दल पाच पत्रं लिहिली. जानेवारीत ती काउंटीच्या सभेत गेली, स्वतः केलेला नकाशा उघडून उभी राहिली आणि तीन मिनिटांत सगळं नीट मांडलं. कमिशनर हार्लन पीक तेव्हा बारा वर्षं त्या खुर्चीवर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, "छान बोललीस हो. मत द्यायच्या वयाची झालीस की परत ये." सभेतले लोकही हसले. तिने नकाशाची घडी घातली आणि ती चौदा मैलांच्या वळशाने परत गेली.

त्या वर्षी मेमध्ये पीक यांच्याविरुद्ध ग्लेन ऑस्टरमन उभे होते, काउंटीच्या रस्त्यांवर तीस वर्षं मुकादम असलेले. त्यांचं एकच म्हणणं होतं: आधी बंद पूल उघडा. मॅरेनला पीक यांचा शब्द खरा करून दाखवायचा होता. सभेत मोठ्याने बोलून नाही, एका मताने.

म्हणून आर्डिथने अर्ज वाटले तेव्हा तिने सर्वांत आधी लिहायला घेतला. नाव झालं, पत्ता झाला. तेवढ्यात आर्डिथ तिच्या बाकाशी थांबली.

"पाच नोव्हेंबर ना तू?"

"हो."

आर्डिथने माझ्या टेबलावरचं कॅलेंडर उचललं, नोव्हेंबरचं पान काढलं आणि बोट ठेवलं. त्या वर्षी एक नोव्हेंबरला मंगळवार होता.

"अगं बाई. निवडणूक पहिल्या मंगळवारी. म्हणजे एक तारखेला. तू चार दिवसांनी हुकलीस गं."

मॅरेनने माझ्याकडे पाहिलं. "बाई, चारच दिवस?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं. एक तारीख, मंगळवार. मी मान हलवली. वीस वर्षं तो विषय शिकवणाऱ्या बाईने मान हलवली, हे इथे लिहून ठेवलेलं बरं.

आर्डिथने तिचा अर्ज परत घेतला आणि डब्यातल्या दोन गोळ्या तिच्या बाकावर ठेवल्या. मॅरेनने त्या खाल्ल्या नाहीत. शेजारच्या मुलाला दिल्या आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ईस्टर आला. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी चार एप्रिलला, शाळेला सुट्टी होती. नोंदणीचाही तो शेवटचा दिवस. दुपारी साडेचारच्या सुमारास माझ्या दारासमोर ऑर्व्हिलचा ट्रक करकचून थांबला. आर्डिथ ॲप्रन आणि त्यावर चर्चचा चांगला कोट अशी उतरली. हाताला साबणाचा फेस तसाच.

"लॉइस, गाडी काढ. ऑर्व्हिलच्या ट्रकने आपण रात्रीपर्यंत पोचायच्या नाही."

"कुठे?"

"आपण दोघी गाढवं आहोत," ती म्हणाली. "म्हणजे मी गाढव. तू शिकलेलं गाढव."

झालं होतं असं. ती चर्चच्या स्वयंपाकघरात ईस्टरच्या जेवणाची मोठी भांडी घासत होती. समोर भिंतीवर तळघराच्या वापराचं वर्षभराचं वेळापत्रक टांगलेलं. कोणाचं लग्न, कोणाचा शिवणवर्ग. घासता घासता नजर वर गेली. आठ नोव्हेंबरसमोर बर्निसच्या अक्षरात लिहिलं होतं: निवडणूक.

बर्निस चुकली, असं तिला आधी वाटलं. तिला तसं वाटायला आवडत असे. मग हात थांबले. निवडणूक नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी नसते. ती पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. एरवी दोन्ही एकच, म्हणून आम्ही सगळेच पहिला मंगळवार म्हणतो. पण महिना जेव्हा मंगळवारीच सुरू होतो तेव्हा पहिला सोमवार येतो सात तारखेला आणि निवडणूक जाते आठवर. मॅरेन पाच तारखेला अठरा पूर्ण करणार होती. तीन दिवस आधीच.

मी खुर्चीवर बसले. नियम माझ्याच वर्गाच्या भिंतीवर लावलेला होता, पुरा, त्या 'सोमवारनंतरच्या'सकट.

"बसू नकोस," आर्डिथ म्हणाली. "कचेरी आज नऊपर्यंत उघडी आहे. पोरीची सही मिळवायची, अर्ज द्यायचा. मी तिच्या घरी फोन केला. बापलेक मासे धरायला गेलेत. मॉमी नदीवर."

"नदीवर कुठे?"

"तिची आई म्हणाली, गर्दी असेल तिथे."

एप्रिलच्या सुरुवातीला वॉलाय मासा अंडी घालायला मोठ्या सरोवरातून मॉमी नावाच्या या नदीत चढतो, आणि अर्धं ओहायो छातीपर्यंतच्या रबरी विजारी चढवून पाण्यात उतरतं. खांद्याला खांदा लावून माणसं उभी असतात, काठाला समांतर, नजर जाईल तिथपर्यंत. सगळ्यांच्या अंगात तेच हिरवं रबर, डोक्याला तीच टोपी. अशा रांगेतून आम्हाला एक मुलगी शोधायची होती.

पन्नास मिनिटांत आम्ही पोचलो. गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागलेल्या. आर्डिथ चिखलातून थेट पाण्याच्या कडेला गेली. काठावर एक म्हातारा बादलीवर बसून सँडविच खात होता.

"बाई, मासा हवा असेल तर रांगेत उभं राहावं लागेल."

"मासा नको. मुलगी हवी. मॅरेन बेक. सतरा वर्षांची, उंच."

"इथून सगळे उंच दिसतात," तो म्हणाला. पण तोंड पुसून त्याने सर्वांत जवळच्या माणसाला हाक मारली. "अरे, बेकची पोरगी आहे का पुढे? विचार जरा."

प्रश्न रांगेतून पुढे निघाला. एकाने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. कोणी मान वळवायचा, कोणी गळ सांभाळत नुसता खांदा. वीसेक माणसांपुढे आम्हाला काही दिसेना. पाच मिनिटं गेली. आर्डिथला पाच मिनिटं कधीच पुरत नसत. तिने एका हाताने कोट वर धरला, बुटांसकट घोटाभर पाण्यात शिरली, आणि शाळेच्या जेवणाच्या घंटेलाही हरवणारा तो आवाज लावला.

"ए पाच नोव्हेंबर!"

शे-दीडशे टोप्या वळल्या. त्यांतली एक बराच वेळ वळलेलीच राहिली.

"मिसेस स्टकी?" पाण्यावरून आवाज आला. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! तुला मत आहे!"

"काय आहे?"

"मत! निवडणूक आठ तारखेला आहे, एकला नाही! मी चुकले!"

रांगेत बोलणं सुरू झालं.

"काय म्हणते ती?"

"त्या पोरीला मत आहे म्हणे."

"मत मलाही आहे. मी ओरडतोय का?"

"ओरडू नकोस, मासे पळतील. ती बाई ओरडली तेवढं पुरे."

बादलीवरचा म्हातारा मात्र विचारात पडला. "एक तारखेला मंगळवार आला की हे होतंच," तो मला म्हणाला. "माझा भाऊ एकदा आठवडाभर आधी जाऊन शाळेच्या बंद दारावर थापा मारत होता. वर मलाच सांगत होता, लोकशाही बुडाली."

मॅरेनच्या गळाला नेमका तेव्हाच मासा लागला होता. काठी वाकलेली, दोरी ताणलेली. तिने क्षणभर माशाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि काठी बापाच्या हातात दिली.

"अगं, माझ्या हातात एक आहेच," लॉवेल बेक म्हणाला.

"दुसरा हात मोकळा आहे ना, बाबा."

ती पाणी कापत आली. काठावर पोचली तेव्हा आर्डिथने आधी तिचे हात आपल्या ॲप्रनला खसाखसा पुसले, नंतर तोंड उघडलं.

"आधी ऐक. त्या दिवशी तुझा अर्ज मी परत घेतला. चूक माझी. लॉइसने मान हलवली, पण कॅलेंडर माझ्या हातात होतं. आता रागवायचं असेल तर रागव, पण सही करताना रागवू नकोस, अर्ज एकच उरलाय."

मॅरेन हसली. मार्चनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. माझ्या गाडीच्या टपावर अर्ज ठेवून तिने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली, सही केली. आर्डिथ श्वास रोखून पेनाच्या टोकाकडे बघत होती.

"आता आम्ही नेऊन देतो," मी म्हणाले.

"नाही बाई. मीच देणार." ती तशीच, रबरी विजारीसकट, मागच्या सीटवर बसली. आजही पाऊस पडला की त्या गाडीच्या आठवणीने मला वॉलायचा वास येतो.

लॉवेल बेकने लांबून दोन्ही काठ्या उंच करून आम्हाला निरोप दिला. एकीवर मासा होता.

वाटेत आर्डिथला एकदम पक्ष आठवला. "काय गं, मत कोणत्या पक्षाच्या कार्डावर देणार तू?"

"रिपब्लिकन. पीक आणि ऑस्टरमन दोघंही तिकडेच आहेत."

"हे बघ लॉइस," आर्डिथ म्हणाली. "तेरा वर्षं त्या बर्निसशी भांडले, आणि आज बूट भिजवून तिच्या पक्षाला एक मत मिळवून देतेय. माझे वडील थडग्यात कूस बदलत असतील."

"मग उतरू का मी?" मॅरेनने विचारलं.

"गप्प बैस. खिडकी उघडी ठेव."

रस्त्यात दुरुस्तीसाठी एक बाजू बंद होती. तिथे अर्धा तास गेला. मग भूक लागली म्हणून आम्ही चिरलेल्या कोंबडीचे सँडविच घेतले. गाडीतल्या घड्याळात सात वाजले होते, मी निवांत होते. आर्डिथने शेवटचा घास गिळला आणि बाहेरच्या उजेडाकडे पाहिलं.

"लॉइस. शनिवारी रात्री उन्हाळ्याच्या वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे केली ना सगळ्यांनी?"

"हो."

"तुझ्या गाडीने केलं का?"

म्हणजे आठ वाजले होते. उरलेले अकरा मैल मी कसे चालवले हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलेलं नाही.

साडेआठच्या आत आम्ही कचेरीत होतो. खिडकीमागे एक तरुण बाई दिवसभराच्या अर्जांना दोरी बांधत होती. तिने आधी मॅरेनच्या विजारीतून फरशीवर गळणारं पाणी पाहिलं, मग अर्ज. वाचता वाचता तिचं बोट जन्मतारखेवर थांबलं.

"पाच नोव्हेंबर? अगं, मग नाही होणार. निवडणूक पहिल्या मंगळवारी, एक तारखेला."

मॅरेनचा चेहरा उतरला. आर्डिथचा नाही.

"बाळ," ती अगदी मायेने म्हणाली, "तुझ्या पाठीमागे काय लावलंय, वाच बरं."

त्या बाईने मागे वळून पाहिलं. भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत छापील पाटी होती: मोठी निवडणूक, ८ नोव्हेंबर. ती काही क्षण पाटीकडे बघत राहिली. कान लाल झाले. मग तिने शिक्का उचलला आणि अर्जावर दाबला.

"तुझी चूक नाही," आर्डिथ म्हणाली. "ही चूक करणाऱ्या आपण तिघी झालो. आता तू कोणाला सांगू नकोस, मी सगळ्यांना सांगते."

तीन मेला सकाळी साडेसहाला चर्चच्या तळघराचं दार उघडलं. नोंदणीची वही आर्डिथपुढे होती. नियमाप्रमाणे प्रत्येकाने आपलं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगायचा असतो, ओळखीचा असला तरी. पहिला होता ऑर्व्हिल.

"नाव?"

ऑर्व्हिल गप्प.

"नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा."

"चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहतो," ऑर्व्हिल बर्निसला म्हणाला. त्याचे त्या दिवसाचे बरेचसे शब्द तिथेच संपले.

त्याच्यामागे मी होते आणि माझ्यामागे मॅरेन, शाळेच्या दप्तरासकट. बाप तिला पहाटेच सोडून गेला होता. तिने नाव सांगितलं आणि पत्ता सांगितला: रोड नऊ, टर्की ओढ्यापलीकडे. बर्निसने चष्म्यावरून पाहिलं.

"आर्डिथ, ही पोर आहे."

"सतराची आहे. नोव्हेंबरच्या पाचला अठरा. निवडणूक आठला. वहीत नाव आहे, बोट ठेवून बघ."

बर्निसने बोट ठेवून पाहिलं, तारीख दोनदा वाचली, आणि आपल्या पक्षाचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. सतरा वर्षांच्यांचं कार्ड वेगळं असतं. त्यावर फक्त उमेदवार.

"आणि शाळेसाठी कर लावायचा की नाही, त्यावरचं मतदान?" मॅरेनने विचारलं. "ते माझ्या कार्डावर नाही."

"ते अठरापासून," आर्डिथ म्हणाली.

"पण शाळेत तर मी जाते. यांच्यातलं कोण जातं?"

रांगेतले दोन-तीन म्हातारे हसले. या खेपेला ती त्यांच्याबरोबर हसली.

"सतराव्या वर्षी माणसं निवडायची," आर्डिथ म्हणाली, "अठराव्या वर्षी त्यांचा खर्च. जा, तो मोकळा खण बघ."

मॅरेन पडद्याआड गेली. एका कार्डाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ तिने घेतला. आर्डिथने पुढच्या माणसाचं नाव विचारलं नाही, बर्निसनेही तिला टोकलं नाही. पडदा सरकला, मॅरेनने कार्ड पेटीत टाकलं, आणि पेटीच्या फटीवर हात तसाच थोडा वेळ ठेवला. मग दप्तर उचललं.

"झालं?" आर्डिथने विचारलं.

"झालं."

"मग पळ. पहिला तास लॉइसचाच आहे, आणि ती बघ अजून इथेच उभी आहे."

ऑस्टरमन तेवीस मतांनी आले. दुसऱ्या दिवशी बस नेहमीसारखी चौदा मैल फिरून आली, मॅरेन उतरली आणि वर्गाच्या दारातूनच म्हणाली, "तेवीस, बाई. मी नसते तर बावीस." पूल उघडायला पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडला. ती तेव्हा कॉलेजला गेली होती. तिच्या धाकट्या भावाने त्या पुलावरून बारा मिनिटांत शाळा गाठली आणि मिळालेला सगळा वेळ झोपण्यात घालवला.

पुढच्या मार्चमध्ये आर्डिथ वर्गात आली तेव्हा तिने डबा उघडला नाही. आधी फळ्याकडे गेली आणि मोठ्या, गोल अक्षरांत लिहिलं: पहिला सोमवार, मग मंगळवार. मग वळून सांगितलं, गेल्या वर्षी मी याच वर्गात एका मुलीचा अर्ज परत घेतला, आणि ते कसं घडलं. कॅलेंडर, भांडी, नदी, सगळं. काही गाळलं नाही. माझ्या मान हलवण्याचा मात्र तिने उल्लेख केला नाही. तो मी केला.

त्यानंतर अकरा वर्षं ती येत राहिली, आणि दर वर्षी सुरुवात तिथूनच. एकदा मी तिला म्हणाले, आता पुरे, ती मुलगी दोन मुलांची आई झाली, कोणालाही राग नाही.

"राग कोणाला आहे?" अर्ज सारखे करता करता ती म्हणाली. "नियम सांगितला की पोरं झोपतात, लॉइस. चूक सांगितली की बोटावर मोजून बघतात."

आणि खरंच, समोर तीस मुलं नोव्हेंबरचं पान काढून बोटं मोजत होती.